थोडे निरीक्षक, भरपूर धुराडी : आपली तक्रार का मोलाची?

मुलाचा खोकला थांबत नाही म्हणून आपण औषध आणतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर पालिकेच्या दवाखान्यात क्षयरोगाची मोफत तपासणी आधी करून घ्या. पण औषधाबरोबर एक प्रश्नही विचारायला हवा : वस्तीत येणारा धूर आणि धूळ रोखण्याचं काम कुणाचं?

कारखान्यांवर लक्ष ठेवणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झालं. १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा त्याच्या हाती आहे. मात्र कारखाने पुष्कळ, तपासणारे हात मोजके. पैसा न वाढवता काम सुधारायचं कसं?

पहिली वाट, जिथे धोका जास्त तिथे आधी जाणं. त्यासाठी उद्योगांचे लाल, नारंगी, हिरवा, पांढरा असे गट केले आहेत. लाल म्हणजे सर्वांत घातक. पांढऱ्याला संमतीपत्रातून सूट. दुसरी वाट यंत्रांची. मोठ्या प्रदूषक कारखान्यांच्या धुराड्याला मापक बसवतात आणि त्याचे आकडे थेट मंडळाकडे जातात. तिसरी वाट गुजरातमध्ये अजमावली गेली. तिथे लेखापरीक्षक कारखानदारच निवडायचा आणि पैसेही तोच द्यायचा, त्यामुळे अहवाल गोड यायचे. नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला : परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही अहवाल पुन्हा तपासले. अहवाल खरे येऊ लागले, कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. खर्चापेक्षा रचना बदलल्याने फरक पडला.

पण रंगांच्या वाटणीत एक फट आहे. रंग एका कारखान्याचा ठरतो, गल्लीचा नाही. दहा लहान कारखाने एकाच गल्लीत असले, तर प्रत्येकाचा धूर थोडा, पण आपल्या छातीत सगळ्यांचा जातो. निरीक्षक मोजके असतील तेव्हा ही बेरीज त्यांना आपणच दाखवायची.

म्हणून घरातल्या वहीत लिहा : तारीख, वेळ, जागा, धुराचा रंग, वास. फोटो काढा. कचरा जाळणं आणि बांधकामाची धूळ यांसाठी पालिकेचा १९१६ क्रमांक किंवा गोरेगावचं पी दक्षिण विभाग कार्यालय. कारखान्यासाठी मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. एकट्याने न जाता आठ-दहा घरांनी सह्या करून जा. कारखान्याला संमतीपत्र आहे का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं.

स्वच्छ हवा ही मेहेरबानी नाही. संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात ती येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं आहे. वही आजच उघडा.