युद्धकाळांतील रुग्णगाड्या

वऱ्हाडांत चांदूर नांवाचीं दोन गांवें असल्यामुळें एकाला 'चांदूर बाजार' व दुसऱ्याला 'चांदूर रेल्वे' म्हणण्याचा प्रघात पडला. ज्या लोहमार्गानें या दुसऱ्या गांवाला हें जणुं आडनांवच दिलें, तो भुसावळ-बडनेऱ्यावरून १८६७ सालीं नागपुरास जाऊन पोंचला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरीं लवकर पोंचावा, हा त्यांतील एक मोठा हेतु. परंतु कापसाच्या गांठी वाहणारे रूळ माणसेंहि वाहतात. आणि युद्ध सुरू झालें कीं धडधाकट माणसें एका दिशेनें जातात व मोडलेलीं माणसें दुसऱ्या दिशेनें परत येतात. या परतीच्या वाहतुकीचा विचार युद्धाच्या इतिहासांत सहसा कोणी करीत नाहीं.

जखमी शिपाई पुष्कळदां गोळीनें मरत नाहीं, तर जखमेंत शिरलेल्या मातीनें व घाणीनें मरतो. पेनिसिलिन सैन्याला मिळूं लागलें तें दुसऱ्या महायुद्धांत. तत्पूर्वीं जखम वेळेवर उघडून स्वच्छ करणें हाच मुख्य उपाय होता. आघाडीजवळच्या इस्पितळांत खाटा मोजक्या. आजच्या खाटा आज रिकाम्या झाल्या नाहींत तर उद्यांचे जखमी उघड्यावर पडून राहणार. म्हणजे रुग्णगाडी ही केवळ गाडींतल्या माणसासाठीं नसते. जो अजून जखमी झालेला नाहीं त्याच्यासाठींहि ती असते.

रेल्वेपर्यंत माणूस आणणें हेंच किती कष्टाचें असे, हें बोअर युद्धांत दिसलें. १८९९-१९०० सालीं नाताळमध्यें गांधीजींनीं सुमारें ११०० हिंदी लोकांचें शुश्रूषापथक उभें केलें होतें. जखमींना डोल्यांतून उचलून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत नेण्याचा प्रसंग या लोकांवर आला. त्याच युद्धांत, मुद्दाम रुग्णांसाठीं बांधलेली 'प्रिन्सेस ख्रिश्चन' नांवाची गाडी इंग्लंडांतून दक्षिण आफ्रिकेंत धाडण्यांत आली होती.

पहिल्या महायुद्धांत ही विद्या पूर्णत्वास गेली. इंग्लंडांतील रेल्वे कंपन्यांनीं फ्रान्समधील आघाडीसाठीं ज्या गाड्या बांधल्या, त्यांत बहुधा सोळा डबे असत आणि चारशेंहून अधिक रुग्ण मावत. रुग्णांच्या डब्यांत दोन्ही बाजूंना एकावर एक अशा तीन खाटा, एका डब्यांत छत्तीस. मधली खाट दुमडली कीं खालच्या खाटेवर तीन-चार जणांना बसतां येई. स्ट्रेचर आडवें आंत जावें म्हणून दार रुंद. औषधालय, लहानशी शस्त्रक्रियेची खोली, मुदपाकखाना, डॉक्टर व परिचारिका यांच्या निजण्याच्या जागा, हें सर्व एकाच गाडींत. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आंतूनच जातां येईल अशी वाट. एखाद्या पन्नास खाटांच्या इस्पितळालाहि इतकी नेटकी मांडणी क्वचितच लाभते!

परंतु मांडणीपेक्षां चालविणाऱ्याचा हात महत्त्वाचा. मांडीचें हाड मोडलेल्या माणसाला गाडीचा प्रत्येक हिसका म्हणजे हाडाचीं टोकें मांसांत पुन्हां रुतणें. 'टॉमस स्प्लिंट' या नांवानें ओळखली जाणारी लोखंडी कांबीची चौकट प्रवासापूर्वींच पायाला बांधण्याची पद्धति रूढ झाली, तेव्हां अशा जखमींतील मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें. चौकट पाय ताणून धरी. बाकीचें काम ड्रायव्हरचें. अशी गाडी हलवितांना व थांबवितांना इंजिनाला माणसाच्या नाडीसारखें जपावें लागे.

हिंदुस्थानांत या सर्व गोष्टींचा संबंध मुंबईशीं आला. मेसोपोटेमियांतील मोहिमेचे जखमी व आजारी इस्पितळी जहाजांनीं मुंबईस उतरत. तेथील युद्धरुग्णालयें भरलीं कीं त्यांना आगगाडीनें देवळाली, पुणें इत्यादि ठिकाणीं नेत. पुण्याकडील वाटेवर बोरघाट. १९२९ पर्यंत तेथें गाडी एका स्थानकांत नेऊन, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेनें काढावी लागे. निरोगी प्रवाशाला त्यांत गंमत वाटे. मोडक्या पायाच्या शिपायाला काय वाटत असेल तें सांगायला नको.

तरी मुंबईपर्यंत जो पोंचला तो भाग्यवान. नोव्हेंबर १९१५ मध्यें बगदादजवळ टेसिफॉनची लढाई झाली. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेथून नदीपर्यंत जखमींना नेलें तें स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या सामानी गाड्यांतून. पुढें बोटींवर व तराफ्यांवर दाटीनें घालून बसऱ्यास न्यावयास आणखी जवळजवळ दोन आठवडे लागले. 'मेजिदिये' ही बोट बसऱ्यास लागली तेव्हां तिच्या दोन्ही बाजूंनीं मैला ओघळून वाळलेला होता. असें मेजर कार्टर या डॉक्टरनें लिहून ठेवलें. खरें बोलल्याबद्दल त्याला प्रथम वरिष्ठांचा रोषच पत्करावा लागला. १९१७ सालीं चौकशी कमिशनचा अहवाल बाहेर आला आणि हिंदुस्थानमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. दोष शौर्याच्या अभावाचा नव्हता, वाहनांच्या अभावाचा होता. आणि वाहनें नव्हतीं याच्या मुळाशीं काटकसर होती. पुढें हिंदुस्थानांतून रूळ, इंजिनें व डबे नेऊन बसऱ्याहून लोहमार्ग टाकण्यांत आला, पण तोंवर कुत-अल-अमारा पडलें होतें.

आपल्याकडे आणखी एक शत्रु असतो, तो उन्हाळा. जून १९१६ मध्यें कराचीहून सिंधच्या वाळवंटांतून निघालेल्या एका लष्करी गाडींत कित्येक गोरे सैनिक उष्माघातानें दगावले. ते तर जखमीहि नव्हते. मे महिन्यांत वऱ्हाडांतून दुपारीं प्रवास केलेल्या माणसाला याचें नवल वाटणार नाहीं. पंखे, बर्फ, वाळ्याचे पडदे व पाणी यांची तरतूद हा येथें शस्त्रक्रियेइतकाच उपचाराचा भाग ठरतो.

दुसऱ्या महायुद्धांत आघाडी उलट बाजूस गेली. १९४२ नंतर जखमी येऊं लागले ते ब्रह्मदेशाच्या सीमेवरून. दिमापूरहून मीटरगेज गाडी पांडूपर्यंत, तेथें ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता, तो झाला १९६२ सालीं, म्हणून नावेनें पलीकडे अमीनगांवला, पुन्हां मीटरगेज, आणि पार्वतीपूरला ब्रॉडगेज. प्रत्येक बदलाच्या ठिकाणीं प्रत्येक स्ट्रेचर माणसांनीं हातांनीं उचलावयाचें. नकाशावर ही एक रेषा दिसते. १९४४ मध्यें इंफाळ वेढलें गेलें तेव्हां जखमींना विमानांतून काढावें लागलें.

कलकत्त्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे येणारी वाट चांदूरवरूनच जाते. अशा वाटेवरील लहान स्थानकाचें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पुढील स्थानकाकडून वेळेवर 'लाईन क्लिअर' मागणें, मालगाडी आधींच बाजूच्या रुळावर घेणें, सांधे नीट बसवणें. एवढें झालें तर रुग्णांची गाडी न थांबतां निघून जाते. नाहीं झालें तर सिग्नलपाशीं एक ब्रेक, एक हिसका, आणि उन्हांत अर्धा तास.

विमानें व हेलिकॉप्टरें आल्यावर या गाड्यांचें दिवस संपले असें वाटलें होतें. पण १६ जुलै १९९१ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून 'जीवनरेखा एक्सप्रेस' निघाली ती रुळांवरचें इस्पितळ घेऊनच. तिला युद्धाची नव्हे, खेड्यांतील मोतीबिंदूची व अपंगत्वाची आघाडी नेमून दिलेली होती. आणि २०२२ सालीं युक्रेनमध्यें विमानवाहतूक बंद पडली तेव्हां पूर्वेकडील जखमी पश्चिमेस ल्वीव्हला नेले ते आगगाडीनेंच. त्या गाडींत अत्यवस्थ रुग्णांचा एक निराळा डबा होता, आणि त्याला लागणारा प्राणवायु गाडींतच तयार होत असे.