बारीक अंगातली साखर

देहू-आळंदी रस्त्यावर तळवड्याच्या चौकात सकाळच्या पाळीच्या बसची वाट बघत उभी असलेली पोरं बघा. कुणी चाकणला निघालेलं, कुणी तळेगावला. बहुतेक अंगाने काटक, पोट सपाट. यातल्या एखाद्याची उपाशीपोटीची साखर कंपनीच्या तपासणीत जास्त निघाली, की तो आधी लॅबवरच शंका घेतो. शुगर जाड्या, बसून खाणाऱ्या माणसाला होते, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हा समज ज्यांनी खोडून काढला ते लोक आपल्याच जिल्ह्यातले आहेत.

पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायका शोधण्यापासून त्यांनी सुरुवात केली नाही. दिवस जाण्याच्या आधीच गावातल्या लग्न झालेल्या बायकांची उंची-वजनं घेतली, दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीच्या तारखा टिपल्या. त्यातून जवळपास 800 गर्भारपणांचा हिशेब हाती आला. आयांचं सरासरी वजन 42 किलोच्या आत, उंची पाच फूट. बाळं साधारण 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची.

यात नवल काहीच नव्हतं. नवल निघालं ते चिमट्याने. नवजात बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी चिमट्यात धरून किती मिलिमीटर भरते ते मोजतात. त्यावरून कातडीखालच्या चरबीचा अंदाज येतो. पुण्याच्या बाळांचे दंड बारीक, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी. पण पाठीवरची ती घडी मात्र गोऱ्या बाळांच्या जवळपास जाणारी. म्हणजे अंगात कमी पडलं होतं ते मांस, चरबी नव्हे. नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही या बाळांत वजनाच्या मानाने जास्त भरलं.

पोटातल्या जिवाला रसद कमी पडली की तो आधी मेंदू वाचवतो आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर करतो. पण जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, आणि इन्सुलिन बनवतं स्वादुपिंड. गरिबीच्या बेताने बेतलेल्या या अंगावर पुढे बैठं काम, वडापाव आणि थंड पेयं येऊन पडली की ते निभावून नेणं जड जातं. बालपणीचं वजन आणि पुढचा आजार यांची सांगड डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमध्ये 1989 मध्ये घातली होती. हर्टफर्डशरमधल्या सुईणी-परिचारिकांनी 1911 पासून जपलेल्या नोंदवह्या त्यांच्या हाती लागल्या. वर्षाच्या वयाला वजन कमी भरलेली मुलं मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली होती.

आपल्याकडची कहाणी थोडी वेगळी आहे, आणि आजीबाईंना ती आवडणार नाही. 1999 मध्ये पुण्यातल्या आठ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी भारी झालेल्या मुलांत. दिल्लीतल्या 2004 च्या अभ्यासातही तेच: पहिली दोन वर्षं हडकुळी आणि मग इतरांपेक्षा भराभर भरत गेलेली मुलं मोठेपणी मधुमेहाच्या वाटेला लागलेली. पहिल्या दोन वर्षांत बाळाची वाढ नीट झालीच पाहिजे. पण हडकुळं पोर पाचव्या वर्षी बिस्किटांवर गुटगुटीत करण्यात कौतुक करावं असं काही नाही.

त्या सहा गावांतली मुलं अठराची झाली तेव्हा पुन्हा तपासली. निम्म्यांच्या आसपास कमी वजनाची. तरीही 37 टक्के मुलग्यांची आणि 18 टक्के मुलींची उपाशीपोटीची साखर सामान्य मर्यादेच्या वर.

मग आयांनी खायचं काय? नुसत्या भाकरी वाढवून काम झालेलं दिसलं नाही. ज्या गरोदर बायका पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची बाळं अंगाने भरलेली होती, आणि हा फरक सर्वांत किडकिडीत, चाळीस किलोच्या आतल्या बायकांत ठळक होता. मेथी, चाकवत, राजगिरा हे मावळात काही आणून मिळवायचे जिन्नस नव्हेत. दुधाचं मात्र अवघड आहे. गोठा घरचा असला तरी दूध डेअरीत जातं आणि उरलेलं आधी मुलग्याच्या पेल्यात.

देहूसारख्या माळकरी, शाकाहारी गावाला पुढची गोष्ट जास्त लागू. बी-12 हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतच मिळतं. भाजीपाल्यात ते नसतं, उपासाच्या साबुदाण्यात तर नसतंच. त्या खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-12 कमी निघालं. 2008 मध्ये त्यापुढची गाठ उकलली: आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-12 कमी असेल, तर सहाव्या वर्षी मुलाचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. सरकारी लोह-फोलिकच्या गोळीत फोलेट आहे, बी-12 नाही. पण म्हणून ती गोळी कुणी टाकून देऊ नये. बाळाच्या मणक्यातले दोष टाळायला फोलिक हवंच. माळ काढा असंही इथे कुणी म्हणत नाही. पण माळकरी घरातल्या मुलीच्या गोळीत बी-12 का नसावं, हे आरोग्य खात्याला विचारायला हरकत नाही.

याज्ञिकांच्या गटाने 2012 पासून त्याच गावांतल्या, म्हणजे त्याच अभ्यासात जन्मलेल्या तरुण मुलामुलींना बी-12 च्या गोळ्या देऊन पाहिल्या. दिवसाला 2 मायक्रोग्रॅम, लग्नाच्या, गर्भारपणाच्या आधीपासून. ज्या मुलींना गोळी मिळाली त्यांची बाळं दोन वर्षांची होईतो बौद्धिक वाढीच्या काही चाचण्यांत पुढे निघाली. साखरेचा निकाल यायला मात्र ती आधी शाळेत आणि मग कामाला जायला हवीत.