कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नवोदित वकिलांचे प्रशिक्षण

कायद्याची पदवी घेतलेली व्यक्ती ज्या कामांतून प्रत्यक्ष वकिली शिकते, त्यांपैकी निवाड्यांचा शोध, करारांची छाननी आणि अर्जांचे पहिले मसुदे ही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संगणकप्रणालीही करू लागल्या आहेत. त्यामुळे नवोदित वकिलांच्या प्रशिक्षणाचे स्वरूप बदलत आहे. भारतात हे प्रशिक्षण मुख्यतः ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयांवर अवलंबून असल्याने या बदलाचे परिणाम येथे अधिक जाणवण्याजोगे आहेत.

पार्श्वभूमी

भारतातील वकिलीचे नियमन अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार होते. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये सनदेपूर्वी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली होती. असा नियम करण्याचा अधिकार परिषदेस नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात तो रद्द केला. पुढे अखिल भारतीय वकील परीक्षा आली. २०२३ मध्ये घटनापीठाने तिला वैध ठरवले. परीक्षेत कायद्याचे ज्ञान तपासले जाते. कामाचे वळण मात्र ज्येष्ठांच्या हाताखालीच लागते.

तेथे ‘ज्युनिअर’ तारखा घेतो, रोजनामा पाहतो, दाव्याचे व कैफियतीचे कच्चे मसुदे लिहितो आणि निवाडे शोधतो. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’सारख्या खंडांतून हवा तो निवाडा मिळेपर्यंत नको असलेले अनेक निवाडे वाचावे लागत. हे काम कंटाळवाणे खरेच. परंतु कोणता निर्णय आजही लागू आहे, कोणता पुढे फिरवला गेला, निकालपत्रातील कोणते विधान बंधनकारक आणि कोणते केवळ ओघात आलेले, याची पारख त्यातूनच येई. संगणकीय शोधसेवांनी शोध सोपा केला, तरी वाचन उरले होते. आताच्या प्रणाली सारांशच हाती देतात, त्यामुळे वाचनही टाळता येते.

मोठ्या विधिसंस्थांतील वापर

मुंबईच्या सिरिल अमरचंद मंगलदास या संस्थेने २०१७ मध्ये करार तपासण्यासाठी ‘कीरा’ आणि २०२३ मध्ये ‘हार्वी’ ही प्रणाली स्वीकारली. शेकडो करारांतून विशिष्ट कलमे वेचून काढणे हे अशा संस्थांत नव्या वकिलांचे नेहमीचे काम असे. आता यंत्राने वेचलेले तपासणे हे त्यांचे काम होत आहे. तथापि, स्वतः कधी न केलेले काम तपासावे कसे, हा प्रशिक्षणापुढील खरा पेच आहे.

बनावट दाखले

न्यूयॉर्कमधील ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर झाले आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. ते शोधणारा वकील नवखा नव्हता. त्याला तीस वर्षांहून अधिक अनुभव होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर निर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वात नसलेल्या निर्णयांचा आधार घेतला होता. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ च्या मार्गदर्शक मतात अशा साधनांच्या वापरावर देखरेख ठेवणे हे ज्येष्ठ वकिलांचे कर्तव्य मानले आहे. केरळ उच्च न्यायालयाचे जुलै २०२५ चे धोरण जिल्हा न्यायालयांतील प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. निष्कर्ष वा निकाल ठरवण्यासाठी ही साधने वापरण्यास त्यात मनाई आहे.

जिल्हा न्यायालये आणि मानधन

तालुका व जिल्हा न्यायालयांतील चित्र काहीसे वेगळे आहे. सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी जुळवणे, घाबरलेल्या पक्षकाराकडून खरी हकीकत काढून घेणे, उलटतपासणीत कोठे थांबावे हे ओळखणे, या गोष्टी न्यायालयात बसूनच शिकाव्या लागतात. प्रश्न आहे तो तोवर पोट भरण्याचा. विधिज्ञ परिषदेने २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. मसुदा आणि शोध यंत्राकडून स्वस्तात होऊ लागल्यास लहान कार्यालयांना ज्युनिअर ठेवण्याची गरज कमी वाटू शकते. सनदेपूर्वीची उमेदवारी सक्तीची नसल्याने, अशा वकिलाला शिकण्यासाठी दुसरी ठरलेली जागा नाही.