वाइन कुणाची, दिल्लीची की मुंबईची?

नाशिकला जेहान सर्कलजवळ माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. गंगापूर रोडवर द्राक्षवाले अशील भरपूर, त्यामुळे केंद्र-राज्यांची वाटणी मी पुस्तकात कमी, बिलांत जास्त वाचतो.

ताज्या द्राक्षांना जीएसटी नाही, बेदाण्याला आहे. त्याच द्राक्षांची वाइन झाली की जीएसटीचा संबंधच संपतो. घटनेच्या कलम ३६६(१२अ) नुसार पिण्याची दारू त्यातून वगळली आहे; अबकारी आणि व्हॅट राज्याकडेच. २०१७ मध्ये राज्यांनी बरेच कर सोडले, हे दुभतं जनावर मात्र सोडलं नाही. का सोडतील? गोम पुढेच आहे. रिकामी बाटली, बूच, लेबल यांवर जीएसटी भरावाच लागतो, पण वाइन जीएसटीबाहेर असल्यामुळे त्याचं क्रेडिट मिळत नाही. अशील भांडतात माझ्याशी.

पेटी बेंगळुरूला न्यायची तर कर्नाटकची परवानगी, तिथली लेबल-नोंदणी, तिथला अबकारी. पेठमार्गे गुजरात जवळ, पण तिथे दारूबंदी. गंमत म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांचा दारूबंदी कायदा मूळचा एकच, मुंबई प्रांताचा, १९४९चा.

२३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल देऊन औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अखत्यारीत आणलं आणि १९९०चा सात न्यायाधीशांचा निकाल मोडीत काढला. विरोधी मत न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचं. राज्यांची तिजोरी भरावी असं मलाही वाटतं. पण राज्याराज्यांच्या परवानग्या सांभाळत देशभर माल पाठवणाऱ्या कारखानदाराने हे एकटं मत आधी वाचावं.