पाच गुंठ्यांच्या आतलं भांडण

मिरजेत घर बांधायला काढलं की आधी गुरुजींना मुहूर्त विचारतात, मग इंजिनिअरकडून नकाशा, मग सेंट्रिंगवाल्याशी दराची घासाघीस. वकिलाची आठवण येते ती भिंतीला तडा गेल्यावर. तोवर ठेकेदाराने फोन उचलणं सोडलेलं असतं, आणि लाखोंचा सगळा करार म्हणजे वहीच्या पानावरची एक ओळ: ‘स्लॅब पडला की दोन लाख.’

मुंबईत फक्त बांधकामाचे करार आणि तंटे एवढंच काम करणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्या आहेत. त्यांची गिऱ्हाइकं मेट्रो, बंदरं, महामार्ग. मिरजेत हे काम दिवाणी वकिलाच्याच पदरात पडतं. सकाळी वाटणीचा दावा, दुपारी अपघाताची भरपाई, संध्याकाळी बिल्डरला नोटीस. त्यात कमीपणा काही नाही. पण बांधकामाच्या खटल्यात कलमांइतकंच सिमेंटही कळावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच येते.

आपल्या काळ्या मातीचंच घ्या. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या बेताने घेतला नसेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत भिंतीवर तिरका तडा उमटतो. मग दोष कुणाचा? माती परीक्षणाचे पैसे वाचवणाऱ्या मालकाचा, पायाची खोली ठरवणाऱ्या इंजिनिअरचा, की सळईत हात आखडणाऱ्या ठेकेदाराचा? तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी उपयोगी पडतात ते माती परीक्षणाचा अहवाल, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या २८ दिवसांच्या चाचणीचा कागद आणि तडा वाढत गेल्याचे तारखेसकट फोटो. हे हातात नसेल तर वकील कितीही हुशार असला तरी तो अंधारात दगड मारतो.

फ्लॅट घेणाऱ्याची बाजू २०१६च्या रेरा कायद्याने बरीच सावरली. त्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७पासून सुरू झालं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. तक्रार ऑनलाइन करता येते, फी ५,००० रुपये.

मात्र जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठांपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना किंचित कमी. जुना वाडा पाडून गल्लीत उभ्या राहणाऱ्या किती इमारती याहून मोठ्या जागेवर असतात? मोठ्या शहराच्या मापाने बेतलेला सदरा मिरजेच्या अंगाला असा सैल होतो. तिथे मग सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग कामी येतो. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखाली ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्येच सांगितलं आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर दाद जिल्ह्यातच मागायची, मुदत दोन वर्षं.

सर्वांत गुंतागुंतीचा माणूस म्हणजे जागामालक. वाडा बिल्डरला विकसनाला द्यायचा, बदल्यात काही फ्लॅट घ्यायचे, हा सर्रास व्यवहार. बिल्डरने फसवलं तर हाच जागामालक ‘ग्राहक’ म्हणून दाद मागू शकतो, असा २००८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. आणि नोंदणीकृत प्रकल्पात फ्लॅटमध्ये किंवा विक्रीच्या पैशात त्याचा वाटा असेल, तर महारेरा त्याला सहप्रवर्तक धरतं, म्हणजे तो बिल्डरच्या बाजूलाही उभा! ‘मी फक्त जागा दिली’ हे वाक्य तिथे चालत नाही. विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र यांवर सही करण्याआधीचा एक तास वकिलाकडे घालवावा तो यासाठी.

सांगली-मिरज-कुपवाडकरांना गुंठेवारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. २००१च्या गुंठेवारी कायद्याने आधी १ जानेवारी २००१पर्यंतचे आणि पुढे दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतचे, परवान्याशिवाय पाडलेले जमिनीचे तुकडे नियमित करण्याची वाट दिली. पण प्लॉट नियमित झालेला नसेल आणि त्यावर ठेकेदाराशी भांडण झालं, तर समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो: मुळात बांधकामाला परवाना आहे का?

सरकारी कामं घेणाऱ्या छोट्या ठेकेदारांसाठीही एक गोष्ट बदलली आहे. बिलाचा वाद लवादाकडे गेला की खात्यानेच लवाद नेमायचा, ही जुनी रीत. ८ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कंत्राटांतली अशी एकतर्फी नेमणूक गैर ठरवली. इंग्लंडात १९९६च्या कायद्याने बांधकामाच्या तंट्यावर २८ दिवसांत तात्पुरता पण बंधनकारक निर्णय मिळण्याची सोय आहे: आधी पैसे द्या, मग भांडा. आपल्याकडे अशी सोय हवी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मुकादमाचा शनिवारचा पगार तारखांसाठी थांबत नाही.

एक अंतर तरी कमी झालं. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. मुंबईची रात्रीची गाडी पकडण्याऐवजी सकाळी पन्नासेक किलोमीटर जाऊन संध्याकाळी परत.

नव्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर आज दुपारी कपाट उघडा. ताबापत्रावरची तारीख बघा आणि तिथून पाच वर्षं मोजा. बाथरूमच्या भिंतीवरची ओल त्या मुदतीत बसत असेल, तर बिल्डरला उद्याच लेखी कळवा आणि पोच घ्या.