परसातल्या कोंबड्यांचे खाणे

खेड्यात पुष्कळांच्या घरी पाच-दहा कोंबड्या असतात. सकाळी खुराड्याचे दार उघडायचे. दोन मुठी दाणे अंगणात फेकायचे. मग कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, कुंपणाच्या कडेने फिरते, आणि दिवेलागणीला आपली आपण घरी येते. गाईला वैरण लागते, बैलाला पेंड लागते. कोंबडीला काय लागते? ती आपले पोट आपण भरते, असे लोक म्हणतात.

हे अर्धे खरे आहे. कोंबडी पोट भरते. पण पोट भरणे निराळे आणि अंडे तयार होणे निराळे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जे कोंबडीच्या पोटात गेले नाही, ते अंड्यात येत नाही. आज आम्ही एवढी एकच गोष्ट तुम्हांला सांगणार आहोत.

गोष्ट लहान दिसते, पण लहान नाही. अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतात. त्यातून मुलांच्या वह्या येतात, तेल-मीठ येते. आणि बाजाराला न गेलेले अंडे मुलाच्या ताटात पडते.

अंड्यात काय असते?

एक अंडे बशीत फोडून पाहा. बाहेर टरफल आहे. आत पांढरा भाग आणि पिवळा बलक आहे.

टरफल जवळजवळ सगळे चुन्याचे असते. एका अंड्याच्या टरफलाचे वजन चार-पाच ग्रॅम भरते. टरफलाच्या आत जे असते, त्याच्या चार भागांत तीन भाग पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असतात. प्रथिने म्हणजे अंग बांधणारे अन्न. डाळ, दूध, मासळी यांत ती पुष्कळ असतात. बलकात जीवनसत्त्वेही असतात.

आता ज्वारीचा दाणा पाहा. ज्वारीच्या शंभर भागांत प्रथिने दहाच्या आसपास असतात. चुना तर नावालाच. दाण्याने अंगात ताकद येते, ऊब येते. पण नुसत्या दाण्यावर अंडे बनत नाही. चुना मिळाला नाही तर कोंबडी काही दिवस आपल्या हाडांतला चुना टरफलाला देते. टरफल पातळ होत जाते. पुढे ती अंडी द्यायचीच थांबते.

मग मोकळी कोंबडी अंडी कशी देते? ती नुसते दाणे खात नाही. ती किडे, अळ्या, वाळवी टिपते. कोवळे गवत खाते. वाळू-खडे उचलते. तिचे शहाणपण तिच्यापाशी आहे. पण ती मोकळी फिरली तर!

नजर लागली का?

एका बाईने आम्हांला विचारले, "गुरुजी, माझ्या सात कोंबड्या आहेत. रोज ओंजळ-ओंजळ कणी घालते. तरी आठवड्याला दोन अंडी मिळत नाहीत. कुणाची नजर लागली म्हणायची का?"

आम्ही विचारले, "कोंबड्या मोकळ्या असतात का हो, वहिनी?"

"छे! भात लावला की शेजारचे ओरडतात. दोन महिने झाले, डालूनच ठेवल्यात."

नजर कुणाचीच नव्हती. डाललेल्या कोंबड्यांना किडा मिळत नव्हता, पाला मिळत नव्हता, चुनाही मिळत नव्हता. कणीने त्यांचे पोट भरत होते, एवढेच. आम्ही त्यांना सांगितले, "कणी कमी करा. तिच्यात कोंडा आणि पेंड घाला. हिरवा पाला टांगा. शिंपले कुटून ठेवा."

महिनाभराने त्या पुन्हा भेटल्या. सातांपैकी चार कोंबड्या अंड्यावर आल्या होत्या. एक खुडूक बसली होती. खर्च झाला तो थोड्या पेंडीचा. बाकी सारे घरचे आणि गावचे होते.

कोंड्याला कमी समजू नका

तांदूळ सडला की कोंडा निघतो. तो टाकाऊ, असे पुष्कळांना वाटते. पण कोंड्याची किंमत जगाला कोंबड्यांनीच शिकवली. ती हकिकत ऐका.

जावा नावाचे एक बेट आहे. आज ते इंडोनेशिया देशात आहे. पूर्वी तिथे डच लोकांचे राज्य होते. त्या काळी तिथे बेरीबेरी नावाच्या रोगाने माणसे हैराण झाली होती. पायांतली शक्ती जाई आणि पुष्कळ जण दगावत. आइकमान नावाचे एक डच डॉक्टर या रोगाचा शोध करीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही तसाच रोग झाला. त्यांना धड उभे राहता येईना. आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या!

आइकमान यांनी चौकशी केली. तेव्हा कळले, की काही दिवस कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात घालीत होते. पुढे नवा स्वयंपाकी आला. त्याने तो भात द्यायचे नाकारले. कोंबड्यांना पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तांदळाबरोबर कोंडा पोटात जात होता, हेच त्याचे कारण. कोंड्यात एक जीवनसत्त्व असते, हे पुढच्या शोधांनी सिद्ध झाले. आज त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतात. या कामाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून कोंडा कोंबडीला जरूर घाला. मात्र तो चाळून घ्या, म्हणजे तूस निघून जाईल. तांदळाचा कोंडा लवकर खवट होतो. म्हणून थोडा-थोडा, ताजा आणावा. गव्हाचा कोंडाही चालतो.

घरचे मिश्रण

दहा किलो खाद्य असे करावे :

ज्वारी, बाजरी किंवा मका यांचा भरडा – ५ किलो
कोंडा – २ किलो
भुईमुगाची पेंड, कुटून – २ किलो
सुकटीचा किंवा सुक्या जवळ्याचा कूट – अर्धा किलो
शिंपल्यांचा बारीक चुरा – अर्धा किलो

कोकणात ज्वारीच्या जागी तांदळाची कणी आणि नाचणी घ्यावी. सुकट मिळत नसेल तर अर्धा किलो पेंड वाढवावी. सुकट खारवलेली असेल तर वरून मीठ घालू नये. नसेल तर दहा किलोला ३० ग्रॅम मीठ पुरे. जास्त मीठ कोंबडीला मारते. पिल्लांना तर फारच लवकर. म्हणून लोणचे, पापड, खारे मासे त्यांच्यापुढे टाकू नका.

पेंड घेताना नीट पाहा. सरकीची पेंड गाईबैलांसाठी ठेवा. कोंबडीला ती घातली तर बलकाचा रंग बिघडतो. एरंडीची पेंड विषारी असते. ती फक्त खताची.

किती घालावे? कोंबडीला दिवसाला एकंदर शंभर ग्रॅमच्या आसपास खाणे लागते. दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी त्यातले बरेचसे स्वतः मिळवते. तिला हे मिश्रण मूठभर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम पुरते. त्यातले थोडे सकाळी आणि जास्त संध्याकाळी द्यावे. सकाळीच पोटभर घातले, तर ती उकरायला जाणार नाही. डाललेल्या कोंबडीला मात्र पुरे शंभर ग्रॅम घालावे लागते. ती बाहेरून काही आणू शकत नाही.

पुरले की नाही, हे हाताने कळते. रात्री कोंबडी खुराड्यात बसली, की तिच्या गळ्याखाली हळूच चाचपून पाहा. तिथे एक पिशवी असते. ती भरलेली लागली तर कोंबडी जेवली. रिकामी लागली तर ती उपाशी निजली. दुसऱ्या दिवशी थोडे वाढवा.

जाते, चुना, पाला, पाणी

कोंबडीला दात नसतात. तिचे जाते पोटात असते. कोंबडी कापली, की आतून मांसाची एक टणक गाठ निघते. ती चिरली तर आत वाळू आणि बारीक खडे दिसतात. त्या खड्यांनी दाणा भरडला जातो. म्हणून डाललेल्या कोंबडीपुढे जाडसर वाळू ठेवावी.

वाळू निराळी आणि शिंपले निराळे. वाळू दळते. शिंपले विरघळतात आणि त्यांचे टरफल बनते. दोन्ही हवीत. शिंपल्यांचा थोडा चुरा एका वाटीत निराळाही ठेवा. ज्या कोंबडीला चुना हवा, ती टिपून घेईल. शिंपले नसतील तर घरच्या अंड्यांची टरफले भाजून, बारीक कुटून घाला. अख्खी टरफले टाकू नका. तिला अंडे फोडून खायची खोड लागेल.

शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास, कोथिंबिरीच्या काड्या, जे मिळेल ते हिरवे द्या. जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगा, म्हणजे पाला तुडवला जाणार नाही. हिरव्या पाल्याने बलक पिवळाधमक होतो.

वाळवी हे फुकटचे उत्तम खाणे. मातीच्या मडक्यात शेण, काडीकचरा आणि फाटक्या गोणपाटाचा तुकडा ओला करून भरा. जिथे वाळवी लागते, तिथे ते उपडे घाला. एक-दोन दिवसांनी उचला. आत वाळवी भरलेली असते.

आणि पाणी! कोंबडी जेवढे खाते, त्याच्या दुपटीने पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी रोज बदला, भांडे रोज घासा आणि सावलीत ठेवा. पाणी तुटले तर अंडीही तुटतात.

पिल्लांचे निराळे

पिल्लू झपाट्याने वाढते. म्हणून त्याला प्रथिने जास्त लागतात. पण मोठ्या कोंबड्यांच्या घोळक्यात त्याला खायला मिळत नाही. फटीतून फक्त पिल्ले आत जातील असे एक डालगे उपडे ठेवा. त्याखाली बारीक कणी, चाळलेला भरडा आणि पेंडीची भुकटी ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा थोडे-थोडे द्या. शिंपल्यांचे मिश्रण पिल्लांना नको. ते अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी. पाण्याची बशी उथळ असावी आणि तीत खडे घालावे. नाही तर पिल्ले बुडून मरतात.

विष घरातच असते

बुरशी लागलेली पेंड, काळवंडलेला मका, ओल लागलेला दाणा "माणसाला नको, कोंबडीला घालू" असे आपण म्हणतो. तसे करू नका. १९६० साली इंग्लंडात टर्की नावाचे मोठे पक्षी पटापट मरू लागले. एक लाखाहून अधिक मेले. शोध केला तेव्हा कळले, की त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी आली होती. त्या बुरशीने पेंडीत विष तयार केले होते. उन्हात वाळवून किंवा भाजून हे विष पुरते जात नाही. अशी पेंड गाईलाही घालू नका. विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपली मुले पितात. पेंड जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या जागी ठेवा.

दुसरे विष म्हणजे औषध चोळलेले बियाणे. पेरणीनंतर पिशवीत चार दाणे उरतात. ते अंगणात झटकले, की दुपारपर्यंत कोंबड्या मेलेल्या दिसतात. अशी पिशवी कोंबड्यांपासून आणि मुलांपासून दूर ठेवा. तिच्यावर काय छापले आहे ते वाचा. आता तुम्हांला वाचता येते.

सगळाच दोष खाण्याचा नसतो

पिसे झाडताना आणि खुडूक असताना कोंबडी अंडी देत नाही. तेव्हा काळजी नको. पण कोंबडी मान मुरडू लागली, झुलू लागली, हिरवट हगू लागली, तर तो मानमोडीचा रोग असू शकतो. पेंडीने तो बरा होत नाही. त्याला आधीच लस टोचून घ्यावी लागते. गुरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

एक वही घाला

शेवटी एक सांगणे. खुराड्याजवळ एक वही टांगा. रोज तारीख लिहा आणि त्यापुढे अंड्यांचा आकडा लिहा. खाद्यात बदल केला तर तोही लिहा. महिनाअखेर बेरीज करा. या महिन्यात किती, मागच्या महिन्यात किती, हे पाहा. पेंडीला किती पैसे गेले आणि अंड्यांचे किती आले, हेही मांडा. मग कुणाच्या सांगण्यावर, आमच्यासुद्धा, विसंबायला नको. तुमची वही तुम्हांला सांगेल.

त्या वहीत आणखी एक रकाना आखा : "घरात खाल्ली." तो रकाना रिकामा ठेवू नका. सगळी अंडी बाजारात गेली आणि पोर कोरडी भाकर खाऊन शाळेत गेले, तर कोंबडीला चांगले खाऊ घालून आपण काय मिळवले?