आगीचा माज

मदरशात इब्लिसची, म्हणजे सैतानाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला त्याचीच बाजू पटली होती. अल्लाहशिवाय कुणापुढे डोकं टेकायचं नाही असं शिकवणारेच सांगत होते, की आदमला सजदा केला नाही म्हणून इब्लिस हाकलला गेला. हे कसं काय, असं मी विचारलं. मौलवीसाहेब चिडले नाहीत. म्हणाले, “नाही म्हणाला ते राहू दे, का नाही म्हणाला ते बघ.”

कुरआनात हा प्रसंग सात ठिकाणी येतो. आपण फक्त अल्लाहपुढेच वाकणार, असं इब्लिस कुठेच म्हणत नाही. त्याचं कारण निराळं आहे. आपण आगीपासून घडलो, हा चिखलापासून. तेव्हा आपण थोर. त्या चिखलात अल्लाहने प्राण फुंकला होता, हे तो जमेसच धरत नाही. जन्मावरून थोरवी ठरवायची ही खोड आपल्यालाही काही परकी नाही.

या कथेची मुळं सातव्या शतकातल्या अरबस्तानाच्याही मागे जातात. आदम आणि हव्वा यांच्या आयुष्यावरचा एक जुना ग्रंथ लॅटिनमध्ये टिकून आहे. त्यात सैतान खुद्द आदमलाच गाऱ्हाणं ऐकवतो: मायकल देवदूताने तुझ्यापुढे वाकायला सांगितलं, पण मी तुझ्या आधीचा, मी का वाकू? ‘खजिन्यांची गुहा’ या सिरियाक ख्रिस्ती ग्रंथात तर आग आणि माती हाच वाद आहे.

दुसरा धागा अस्सल अरबी, जिन्नांचा. कवीला शब्द जिन्न पुरवतो, अशी इस्लामपूर्व अरबांची समजूत होती. सूरह कहफमध्ये इब्लिसला जिन्नांपैकीच म्हटलं आहे. मग सजद्याचा हुकूम फरिश्त्यांना, म्हणजे देवदूतांना सुटला असताना हा मधेच कुठून आला? यावर भाष्यकारांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकेफोड केली. ९२३ साली वारलेल्या तबरीने दोन्ही मतं नोंदवून ठेवली आहेत. एका मताने तो आधी अजाजील नावाचा फरिश्ता होता. दुसऱ्या मताने जिन्नच, कारण फरिश्ते आज्ञा मोडत नाहीत.

माझी लहानपणची शंका हजार वर्षांपूर्वी एका सूफीनेही मांडली होती, आणि फार ताकदीने. ९२२ मध्ये बगदादेत देहान्त शासन झालेल्या मन्सूर हल्लाजने ‘तवासीन’मध्ये इब्लिसला एकनिष्ठ आशिक ठरवलं: माशूकाशिवाय दुसऱ्यापुढे न वाकणारा. बहुतेक उलेमांना हे मानवलं नाही.

हजयात्रेत मीना इथे सैतानाला खडे मारतात, साधारण हरभऱ्याएवढे. पूर्वी तिथे खांब होते. गर्दीत जीव जाऊ लागले, म्हणून २००४ मध्ये त्यांच्या जागी लांबलचक भिंती बांधल्या. रागाच्या भरात कुणी चप्पल भिरकावली तर जाणकार त्याला आवरतात. सैतान काही त्या भिंतीत बसलेला नाही.

तो अल्लाहच्या तोडीचा शत्रूही नाही. कयामतीपर्यंतची मुदत त्याने अल्लाहकडूनच मागून घेतली आहे. सूरह इब्राहीममध्ये तर निवाड्याच्या दिवशी तो सरळ हात वर करतो. आपली माणसांवर सत्ता नव्हती, आपण नुसती हाक मारली आणि ती आली, आता त्यांनी स्वतःलाच बोल लावावा, असं तो सुनावतो. ‘सैतानाने करायला लावलं’ ही सबब कुरआन चालू देत नाही, आणि ती खोटी पाडायला साक्षीला सैतानालाच उभं करतं.